वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसोबत पित्ताशयही काढावे का?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरते, रक्ताच्या तपासण्या होतात, भूलतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांच्या भेटी होतात आणि मग पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ येते: पित्ताशयात खडे आहेत. त्यानंतरचा संवाद आमच्या ओपीडीत जवळपास ठरलेला असतो. काही महिन्यांपूर्वी ४२ वर्षांच्या एक शिक्षिका आल्या होत्या (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). वजन ११४ किलो, आठ वर्षांपासून मधुमेह, गुडघेदुखीमुळे वर्गात उभे राहून शिकवणे कठीण झालेले. बायपास करायचे ठरले होते. पित्ताशयात तीन-चार खडे होते, सर्वांत मोठा ८ मिलिमीटरचा.

त्यांचे यजमान म्हणाले, "डॉक्टर, नाहीतरी पोटात दुर्बीण घालणारच आहात, तर तेही एकातच उरकून टाका. परत परत भूल कशाला?" त्यावर बाई म्हणाल्या, "अहो, पण मला त्याचा कधी त्रासच झालेला नाही. मग उगाच एक अवयव कशाला काढायचा?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. असा निर्णय सरसकट 'काढा' किंवा 'राहू द्या' असा होत नाही. पित्ताशयात खडे आहेत का, त्यांनी कधी त्रास दिला आहे का आणि वजनासाठी नेमकी कोणती शस्त्रक्रिया होणार आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिल्या दोन बहुतेकांना ठाऊक असतात. तिसरी फारशी कोणी सांगितलेली नसते, म्हणून या लेखात तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

आधी 'पित्त' या शब्दाचा घोळ

आपल्याकडे छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की 'पित्त झाले' म्हणतात. अंगावर लाल गांधी उठल्या की 'पित्त उठले' म्हणतात. पहिला त्रास जठरातल्या आम्लाचा आणि दुसरा अॅलर्जीचा. पित्ताशयाशी या दोन्हींचा थेट संबंध नाही.

पित्ताशय ही यकृताच्या खाली, उजव्या बरगड्यांच्या आड असलेली एक लहान पिशवी आहे. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातला काही या पिशवीत साठतो आणि घट्ट होतो. पिशवीत एका वेळी जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतो. तेलातुपाचे जेवण आतड्यात उतरले की पिशवी आकुंचन पावते आणि पित्तरस नलिकेतून आतड्यात येतो. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळ येते. ती पोटाच्या वरच्या भागात मध्यभागी किंवा उजवीकडे येते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि आपोआप थांबते. सोबत मळमळ किंवा उलटी होते. बऱ्याचदा ती रात्री येते, जड जेवणानंतर.

शिक्षिकाबाईंना मी विचारले, "ताई, 'पित्ताचा त्रास' असतो का?" त्या लगेच म्हणाल्या, "तो तर आहेच. मागच्या वर्षी भाच्याच्या लग्नात जेवण झाल्यावर रात्री इतकं पित्त वाढलं की पाठ धरून बसले होते. जवळच्या दवाखान्यात जाऊन पित्ताचं इंजेक्शन घेतलं, दोन तासांनी थांबलं. दिवाळीतही एकदा झालं." म्हणजे 'कधी त्रासच झाला नाही' हे खरे नव्हते. त्रास दोनदा झाला होता, फक्त त्याचे नाव चुकले होते. त्यामुळे त्यांच्या बाबतीतला निर्णयही बदलला. तुमच्या रिपोर्टमध्ये खडे असतील, तर सर्जनला भेटण्याआधी घरच्यांसोबत बसून अशा रात्री आठवून पाहा. नवऱ्याला किंवा सासूबाईंना त्या बऱ्याचदा जास्त नीट आठवतात.

वजन उतरताना खडे का होतात?

पित्तरसात कोलेस्टेरॉल असते आणि ते विरघळलेले ठेवणारे पित्तक्षारही असतात. जास्त वजनाच्या माणसाच्या पित्तरसात कोलेस्टेरॉल आधीच जास्त असते. शस्त्रक्रियेनंतर चरबी झपाट्याने वितळू लागते, तिच्यातले कोलेस्टेरॉलही यकृतामार्फत पित्तरसात उतरते. त्याच वेळी खाणे कमी झालेले असते, त्यामुळे पिशवी पूर्वीसारखी वारंवार रिकामी होत नाही. बायपासमध्ये तर अन्न आतड्याच्या पहिल्या भागातून जातच नाही, त्यामुळे पिशवीला आकुंचनाचा इशाराही कमी मिळतो. घट्ट रस नुसता पडून राहिला की त्यात आधी गाळ आणि मग खडे बनतात.

हे बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत घडते, कारण वजन सर्वांत वेगाने त्याच काळात उतरते. वजन स्थिरावले की धोका ओसरतो. अतिशय कडक डाएटने किंवा सध्या चर्चेत असलेल्या सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडसारख्या इंजेक्शनांनी झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांतही खड्यांचा धोका वाढतो.

'सोनोग्राफीत खडा दिसला' आणि 'खड्याने त्रास दिला' या दोन गोष्टींत मात्र मोठा फरक आहे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बायपासआधी खडे नसलेल्या आणि नंतर कोणतेही प्रतिबंधक औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी ३२ टक्के जणांमध्ये सहा महिन्यांत सोनोग्राफीत खडे दिसले. आकडा ऐकून घाबरायला होते. पण त्यातल्या बहुतेकांना ते खडे जाणवतही नाहीत. बायपासच्या वेळी पित्ताशय न काढलेल्या रुग्णांचे अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तर पुढे पित्ताशय काढावे लागलेले साधारण १०० पैकी ७ जण होते. त्यातही बहुतेकांना साधी कळ येत होती. पित्ताशयाला सूज येणे १०० पैकी एखाद्यालाच झाले, आणि नलिकेत खडा अडकणे किंवा स्वादुपिंडाला सूज येणे त्याहूनही दुर्मीळ होते.

म्हणूनच, खडे नसताना 'पुढे झाले तर?' या भीतीने पित्ताशय काढून टाकण्याची पद्धत आता मागे पडली आहे. पूर्वी पोट उघडून बायपास व्हायचे, तेव्हा अनेक सर्जन पित्ताशय सरसकट काढत असत, कारण नंतर पुन्हा पोट उघडणे हा मोठा प्रकार होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते गणित बदलले.

कोणती शस्त्रक्रिया, यावर इतके का अवलंबून?

आता तिसऱ्या मुद्द्याकडे येऊ. पिशवीतला खडा कधीकधी घसरून मुख्य पित्तनलिकेत अडकतो. तसे झाले की कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. नेहमीच्या माणसात यावर सोपा उपाय असतो. तोंडातून दुर्बीण घालून जठरातून पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात न्यायची, तिथे नलिकेचे तोंड असते, ते थोडे रुंद करायचे आणि खडा काढायचा. याला ईआरसीपी म्हणतात.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून उरलेली नळी ठेवतात, पण वाट तीच राहते. अन्न पूर्वीच्याच रस्त्याने जाते, त्यामुळे ईआरसीपीची दुर्बीणही त्याच रस्त्याने जाऊ शकते.

बायपासमध्ये रस्ताच बदलतो. जठराचा अगदी छोटा कप्पा वेगळा करून तो खालच्या आतड्याला जोडलेला असतो. उरलेले मोठे जठर आणि आतड्याचा पहिला भाग पोटात जागच्या जागी असतात, पण त्यांच्याकडे तोंडातून थेट जाता येत नाही. पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत पोहोचायचे तर दुर्बिणीला आतड्याच्या दीड-दोन मीटर किंवा त्याहूनही लांब वळणांतून खाली उतरून मग उलटे वर चढावे लागते. साधी दुर्बीण तिथे पोहोचत नाही. मिनी बायपासमध्ये जोड एकच असला, तरी ही अडचण असतेच.

अशा वेळी उपाय नाहीत असे नाही. लॅपरोस्कोपीने जुन्या जठराला छोटे छिद्र पाडून त्यातून ईआरसीपी करता येते. खास लांब, फुग्याची दुर्बीण वापरता येते. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या मदतीने छोट्या कप्प्यातून जुन्या जठरात तात्पुरती वाट तयार करता येते. पण या गोष्टी सगळीकडे होत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता कावीळ आणि ताप घेऊन पोहोचलेल्या बायपासच्या रुग्णाला बहुधा मोठ्या शहरात पाठवावे लागते. तुम्ही कुठे राहता, अशी सोय असलेले रुग्णालय किती तासांवर आहे, हेही निर्णयात धरायला हवे. पुण्या-मुंबईतल्या रुग्णासाठी आणि गडचिरोलीच्या रुग्णासाठी माझा सल्ला प्रत्येक वेळी एकच असेल असे नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. बायपास ठरलेला आहे आणि रक्तात बिलिरुबिन वाढलेले आहे किंवा सोनोग्राफीत पित्तनलिका रुंद दिसते आहे, तर आधी एमआरसीपी नावाचा स्कॅन करून नलिकेत खडा आहे का ते पाहतात. असेल तर बायपासच्या आधीच ईआरसीपीने तो काढून घेतात. वाट उघडी आहे तोवर काम उरकायचे. हा क्रम उलटा झाला तर अवघड होऊन बसते.

मग तुमच्या बाबतीत काय?

सोनोग्राफीत खडे नसतील तर पित्ताशय ठेवावे आणि शस्त्रक्रियेनंतर सहा महिने प्रतिबंधक गोळी घ्यावी, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. त्याबद्दल पुढे सांगतोच.

खडे आहेत आणि वर सांगितल्यासारखी कळ येऊन गेली आहे, तर पित्ताशय काढणेच योग्य. प्रश्न फक्त 'कधी' हा उरतो. बायपास असेल तर बहुतेक वेळा त्याच भुलीत काढतात. स्लीव्ह असेल तरीही अनेकदा एकदमच काढतात. मात्र पित्ताशयाला त्या वेळी तीव्र सूज असेल, ताप असेल, तर आधी त्याचा उपचार करून वजनाची शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात. पू झालेल्या जागेशेजारी जठराचे ताजे टाके घालणे शहाणपणाचे नाही. तारीख पुढे गेली म्हणून रुग्ण नाराज होतात, ते समजण्यासारखे आहे. घरी रजा टाकलेली असते, गावाहून आईला बोलावलेले असते. तरीही थांबावे.

खरा पेच तिसऱ्या गटाचा आहे: खडे आहेत, पण खरोखरच कधी त्रास झालेला नाही. एरवी अशा माणसाला आम्ही शस्त्रक्रिया सांगत नाही. मूक खड्यांपैकी दरवर्षी १०० पैकी एक ते तीन जणांनाच त्रास सुरू होतो. झपाट्याने वजन उतरताना ही शक्यता वाढते. इथे सर्जन-सर्जनांत मतभेद आहेत आणि ते रुग्णापासून लपवण्याचे कारण नाही. काही जण बायपासच्या वेळी असे पित्ताशय काढतात, काही जण वाट पाहतात. माझे स्वतःचे मत असे: स्लीव्ह असेल तर थांबायला हरकत नाही, कारण नंतर काही झाले तरी सर्व वाटा उघड्या असतात. बायपास असेल, खडे बारीक आणि बरेच असतील (नलिकेत घसरतात ते बारीकच) आणि शस्त्रक्रियेच्या वेळी पित्ताशय नीट दिसत असेल, तर काढण्याकडे माझा कल असतो. पण 'नीट दिसत असेल तरच', हे मी रुग्णाला आधीच सांगून ठेवतो.

काही वेळा त्रास नसतानाही काढण्याची स्वतंत्र कारणे असतात: तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठलेले असणे. या बाबतींत कर्करोगाची शक्यता लक्षात घेतलेली असते. 'खडा म्हणजे पुढे कॅन्सर' ही भीती अनेकांच्या मनात असते. पित्ताशयाचा कर्करोग भारतात मुख्यतः उत्तरेकडे, गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येकडे जास्त आढळतो. खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही. फक्त या भीतीपोटी साधे, मूक खडे काढायची घाई करू नये.

एकाच भुलीत दोन्ही: फायदा आणि किंमत

यजमानांच्या मुद्द्यात दम आहे. एकच भूल, एकच रुग्णालयवास, एकच रजा. पण पित्ताशय काढणे म्हणजे जाता जाता केलेले फुकटचे काम नव्हे. साधारण अर्धा-पाऊण तास वाढतो. वजनाच्या शस्त्रक्रियेची छिद्रे जठरासाठी सोयीची अशी डावीकडे आणि वर घेतलेली असतात, पित्ताशय मात्र उजवीकडे असते, त्यामुळे एखादे जास्तीचे छिद्र लागू शकते. शिवाय जास्त वजनाच्या व्यक्तीचे यकृत चरबीने मोठे आणि जड झालेले असते. ते नीट उचलले गेले नाही, तर पित्ताशयाची नळी आणि मुख्य नलिका वेगवेगळी ओळखणे कठीण होते. मुख्य नलिकेला इजा होणे हा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतला सर्वांत गंभीर धोका आहे. एरवी तो हजारात दोन ते पाच जणांना होतो. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासांत, दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र केलेल्या रुग्णांमध्ये गुंतागुंत थोडी जास्त आढळली आहे. वाढ मोठी नाही, पण शून्यही नाही. त्रास देणाऱ्या खड्यांसाठी ती किंमत मोजणे योग्य आहे. निरोगी पित्ताशयासाठी नाही.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे दिला जाणारा कमी कॅलरींचा आहार याच कारणासाठी असतो. त्याने यकृत आकसते. 'आता शेवटचंच खाऊन घेते' म्हणून त्या दोन आठवड्यांत पाहुणचार झोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. टेबलावर ते लगेच कळते.

१६० किलो वजनाचे एक तरुण दुकानदार होते. खडे होते, पूर्वी एकदा कळ आली होती, स्लीव्हसोबत पित्ताशय काढायचे ठरले होते. आत पाहिले तर यकृत एवढे मोठे की पित्ताशयाचे फक्त टोक दिसत होते. स्लीव्ह केली आणि पित्ताशयाला हात लावला नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांना राग आला, 'अर्धंच काम केलं' म्हणाले. मधल्या काळात गोळी दिली, कळ आल्यास काय करायचे ते लिहून दिले. दहा महिन्यांनी, जवळपास ६० किलो उतरल्यावर, तेच पित्ताशय पाऊण तासात निघाले आणि दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. थांबण्याचा निर्णयही उपचारच असतो, हे त्या दिवशी त्यांना पटवून देणे मला फारसे जमले नव्हते.

सहा महिन्यांची गोळी

या औषधाचे नाव अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड. ते पित्तरसातले कोलेस्टेरॉल कमी करून खडे बनू देत नाही. वर उल्लेख केलेल्या १९९५ च्या अभ्यासात दिवसाला ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत खडे होण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले होते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधला ९०० हून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिने रोज ९०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ६.५ टक्के जणांना खड्यांचा त्रास झाला, तर नकली गोळी घेणाऱ्यांत ९.७ टक्के जणांना. त्यातही फायदा दिसला तो शस्त्रक्रियेआधी खडे नसलेल्यांना. आधीच खडे असलेल्यांना या गोळीने त्रासापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. म्हणजे 'खडे विरघळवायची गोळी' म्हणून तिच्यावर विसंबू नका.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्लीव्हनंतर दिवसाला ५०० मिलिग्रॅम आणि बायपासनंतर ३०० मिलिग्रॅम दोनदा असा डोस आहे. तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. काहींना गोळीने जुलाब होतात, काहींना बद्धकोष्ठता. अडचण वेगळीच असते. पहिल्या महिन्यात व्हिटॅमिन, कॅल्शियम, प्रोटीन पावडर, आम्लाची गोळी अशी आधीच इतकी औषधे असतात की 'ही एक कशाला' म्हणून नेमकी हीच गोळी सुटते. गिळायला मोठी वाटत असेल तर सांगा, पर्याय काढता येतो. परस्पर बंद करू नका.

आहाराबद्दलही एक गैरसमज आहे. खड्यांच्या भीतीने लोक तेल-तूप पूर्ण बंद करतात. पित्ताशय असेल आणि वजन उतरत असेल, तर जेवणात थोडा स्निग्ध पदार्थ हवाच, नाहीतर पिशवी आकुंचनच पावणार नाही. आहारतज्ज्ञाने सांगितले तेवढे तेल घ्या. याच कारणाने पहिल्या सहा महिन्यांत नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास किंवा निर्जळी एकादशी करू नये. शरीरातले पाणी कमी होण्याचा धोका वेगळाच.

आणि कुळथाचे कढण, पानफुटीची पाने? हे मूतखड्यासाठी सांगितले जाणारे घरगुती उपाय. मूतखडा मूत्रपिंडात होतो, त्याची घडण वेगळी. नाव एक असले तरी खडे एक नव्हेत. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी शौचातून हिरवट गोळे पडल्याचे फोटो काही रुग्ण दाखवतात. ते गोळे खडे नसतात. तेलापासून आतड्यात साबणासारखे गोळे तयार होतात, तेच असतात. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर असला प्रयोग अजिबात करू नये.

पित्ताशय गेल्यावर पचनाचे काय?

पित्तरस यकृतात बनतो, पित्ताशय फक्त साठवते. ते काढल्यावर रस थेट आतड्यात उतरतो आणि बहुतेकांना काहीच फरक जाणवत नाही. काहींना काही आठवडे पातळ शौचाला होते, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर. बायपासनंतर तसेही पोट थोडे सैल असते, त्यामुळे दोन्ही मिळून त्रास जास्त वाटू शकतो. तो महिनाभरात कमी झाला नाही तर औषध आहे, सहन करत बसू नका.

शस्त्रक्रियेनंतर पोटात दुखले तर

इथे पुन्हा 'पित्त' या शब्दापासून सावध राहा. बायपासनंतर पोटात जोरात दुखण्याची कारणे अनेक: पित्ताशयाची कळ, जोडाच्या ठिकाणचा अल्सर आणि आतड्याचा एखादा वेटोळा आतल्या फटीत अडकणे. हे शेवटचे कारण धोक्याचे आहे, कारण आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि काही तासांत तातडीची शस्त्रक्रिया लागते. घराजवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन झोपून राहणे अशा वेळी महागात पडते. तीव्र दुखणे दोन-तीन तासांत थांबत नसेल, पाणीही उलटून पडत असेल, थंडी-ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, लघवी गडद आणि शौच पांढुरके होत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनला फोन करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर स्वतःहून घेऊ नका, त्यांनी जोडावर अल्सर होतो.

सही करण्याआधी

संमतीपत्रात पित्ताशयाचा उल्लेख आहे का ते वाचा. 'आत पाहून योग्य वाटल्यास काढू' असे ठरले असेल तर तेच लिहिलेले हवे, आणि काढले नाही तर पुढे काय, हेही विचारून घ्या. सर्जन दरवेळी काय करतात, त्यांच्या रुग्णालयात बायपासनंतरच्या ईआरसीपीची सोय आहे का, नसेल तर कुठे पाठवतात, हे विचारण्यात संकोच नको. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

विम्याचेही आधी पाहा. अनेक पॉलिसींमध्ये पित्ताशयातील खड्यांसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि वजनाच्या शस्त्रक्रियेला बीएमआयच्या ठरावीक अटी पूर्ण झाल्यावरच मंजुरी मिळते. दोन्ही एकत्र होणार असतील तर पूर्वमंजुरीच्या अर्जात दोन्ही शस्त्रक्रियांची नावे जायला हवीत. एकाचे नाव राहिले की डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या खिडकीपाशी वाद सुरू होतो.

शिक्षिकाबाईंनी घरी दोन दिवस विचार केला. दोन आठवड्यांचा आहार त्यांनी कसून पाळला. बायपासच्या वेळी यकृत चांगले आकसलेले होते, पित्ताशय स्वच्छ दिसत होते, ते त्याच वेळी काढले. चौथ्या दिवशी त्या घरी गेल्या. त्यांच्या पर्समध्ये आता एक घडी घातलेला कागद असतो, आणि तसा तो प्रत्येक रुग्णाने ठेवावा असे मी सांगतो: कोणती शस्त्रक्रिया झाली, कधी झाली, पित्ताशय काढले आहे की नाही, आणि सर्जनचा फोन नंबर.